लाल उतारावरचं ‘लोखंड’ : सोनं शोधताना जमीन आडवी येते तेव्हा

गेल्या मे महिन्यात एका शनिवारी माझ्या डिटेक्टरने, म्हणजे जमिनीतला धातू हुडकणाऱ्या यंत्राने, एका ठिकाणी ‘लोखंड’ असा निकाल दिला आणि मी पुढे निघून गेले. आठ दिवसांनी त्याच ठिकाणी, १३ सेंटीमीटर खाली, २.३ ग्रॅम सोनं निघालं. मधल्या आठवड्यात जमीन तीच होती, सोनंही जागचं हललं नव्हतं. मग पहिल्या दिवशी यंत्राने ऐकलं काय, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. तिसऱ्या शनिवारी मी त्याच खड्ड्याशेजारी बसून मोजमापं घेतली. त्या एका जागेची ही हकिगत सविस्तर लिहिते आहे, कारण लोहखनिजाने भरलेली जमीन सोनं कसं झाकते हे मला पुस्तकापेक्षा त्या दोन हात जागेने जास्त नीट शिकवलं.

मी ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या बेंडिगोत राहते. मोजमापाच्या यंत्रांची दुरुस्ती हा माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि सुट्टीच्या दिवशी डिटेक्टर घेऊन रानात फिरणं हा नाद. त्या वेळी माझे मामा राजापुराहून दोन महिन्यांसाठी आले होते. मामांचं सगळं आयुष्य जांभ्याच्या चिरेखाणीवर गेलं. घरात बसून कंटाळतील म्हणून त्यांना सोबत नेलं. या प्रकरणात त्यांचा वाटा माझ्याइतकाच आहे.

जागा

बेंडिगोपासून गाडीने तासाभरावर डनॉली आणि मोलिआगुल ही गावं आहेत. १८५१च्या सुवर्णझुंबडीनंतर हा सगळा पट्टा खणून निघाला. मोलिआगुलजवळ ५ फेब्रुवारी १८६९ रोजी जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या कॉर्निश खाणकामगारांना झाडाच्या मुळांशी, जेमतेम काही सेंटीमीटर मातीखाली, ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा सोन्याचा गोळा सापडला. त्यातून ७२ किलोच्या आसपास शुद्ध सोनं निघालं. डनॉलीच्या बँकेतल्या काट्यावर तो मावेना, म्हणून ऐरणीवर ठेवून फोडावा लागला. तिथून फार लांब नसलेल्या किंगोअर गावाजवळ सप्टेंबर १९८०मध्ये केव्हिन हिलियर यांना डिटेक्टरने ‘हँड ऑफ फेथ’ मिळाला. २७ किलोंचा, ३० सेंटीमीटर खोल, उभा रुतलेला. पुढे तो लास व्हेगासच्या एका कॅसिनोने दहा लाख डॉलरहून जास्त किमतीला घेतला.

या दोन गोष्टी इथे सगळ्यांना तोंडपाठ असतात आणि नव्या माणसाची त्यामुळे एक समजूत होते : मोठमोठे गोळे सापडले, म्हणजे यंत्राला इथलं सोनं दिसतंच. २७ किलोंचा गोळा कुठल्याही जमिनीत, कुठल्याही यंत्राला ऐकू जाईल. जमीन कितीही ओरडली तरी त्याचा आवाज वरच राहणार. खरा प्रश्न ग्रॅम-दोन ग्रॅमच्या तुकड्यांचा आहे. ते जमिनीच्या आवाजात बुडतात, आणि म्हणूनच ते अजून तिथे आहेत.

आमचा उतार सरकारी रानात होता. व्हिक्टोरियात ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना काढला की ठरावीक सरकारी जमिनीवर हातातल्या अवजारांनी सोनं शोधता येतं. तो १० वर्षं चालतो, सापडलेलं सोनं आपलं, आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा. ही भूमी मुळात जा जा वुरुंग लोकांची. उतारावर निलगिरीच्या जातीची, काळ्या खरबरीत सालीची आयर्नबार्क झाडं, मधूनमधून गारगोटीचे पांढरे तुकडे, जुन्या खाणकामगारांचे अर्धवट बुजलेले खड्डे, आणि पायाखाली लाल चिकणमातीवर पसरलेली बारीक गोल तांबूस खडी. या खडीला इथे ‘बकशॉट’ म्हणतात, बंदुकीच्या छऱ्यांसारखी दिसते म्हणून. मामांनी मूठभर उचलून चोळली आणि म्हणाले, “ही आमच्याकडे कातळावर असते. पावसाळ्यात पायाखालून सरकते तीच.”

पहिला शनिवार

माझं स्वतःचं यंत्र व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी, म्हणजे अतिकमी वारंवारितेच्या) जातीचं आहे. कॉइलमधून, म्हणजे जमिनीलगत फिरवायच्या तारेच्या वेटोळ्यांच्या थाळीतून, सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सतत वाहतो, जमिनीतल्या धातूत त्यामुळे भोवरी प्रवाह उठतात आणि त्यांचा प्रतिसाद दुसऱ्या वेटोळ्यात पकडला जातो. नाण्यांसाठीची यंत्रं कमी वारंवारितेवर चालतात. सोन्यासाठीची साधारण १५ ते ७१ किलोहर्ट्झच्या टापूत, कारण बारीक तुकडे तिथे बरे ऐकू येतात.

मी गाडीशेजारी ग्राउंड बॅलन्स केला. म्हणजे कॉइल जमिनीवर खाली-वर करत, आवाजात फरक पडेनासा होईपर्यंत यंत्राला त्या जमिनीची सवय लावली. इथेच पहिली चूक झाली. गाडी उभी होती ती वाट बाहेरून आणलेली खडी टाकून दाबलेली. उताराची माती वेगळी. वर चढून दहा पावलं गेले आणि यंत्र कुरकुरायला लागलं. कॉइल झाडाच्या मुळावरून जरा उचलली की ‘टूं’, पुन्हा टेकवली की ‘टूं’. मी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राच्या कानाचा तिखटपणा, उतरवली. तरी थांबेना, म्हणून डिस्क्रिमिनेशन चढवलं, म्हणजे लोखंडासारखा वाटणारा आवाज यंत्राने दाबून टाकावा. यंत्र शांत झालं आणि मला बरं वाटलं. ही दुसरी चूक. पहिलीपेक्षा मोठी.

चार तासांत शिशाची एक गोळी आणि घोड्याच्या नालेचे पाच खिळे मिळाले. मामा मागून काठी टेकत येत होते. एका ठिकाणी कॉइल डावीकडून उजवीकडे नेताना अर्धा, तुटका आवाज आला, उलट नेताना काहीच नाही, आणि पडद्यावरचा काटा लोखंडाकडे. मी पुढे निघाले.

“थांब गो बाय, इथे वाजलं ना?”

“लोखंड आहे मामा. खिळा असेल.”

“खिळा पाहिलास तू?”

पाहिला नव्हता. मी उत्तर न देता चालत राहिले. मामांनी गारगोटीचा एक मुठीएवढा पांढरा दगड उचलून त्या जागी ठेवला. त्यांची खाणीवरची सवय ती : ज्या जागेबद्दल दोन मतं असतील तिथे खूण ठेवायची.

थोडं वर एक जळका बुंधा होता. त्याच्या भोवती यंत्र अक्षरशः गुरगुरत होतं, पाच-सहा फुटांच्या वर्तुळात, बाहेर आलं की कमी. मला वाटलं तारेचं भेंडोळं पुरलेलं असेल. मामा खाली बसले, बोटाने माती उकरली, ढेकूळ फोडलं. बाहेरून तांबूस, आतून गडद.

“ही माती भाजलीय. आमच्या भाजावळीत राबाच्या चौकोनाची माती अशीच होते. खाली काही नाही, मातीच आहे ती.”

भाजावळ म्हणजे भाताची रोपं करायच्या तुकड्यावर, राबावर, पालापाचोळा पसरून तो जाळणं. त्या वेळी मी ते ऐकून सोडून दिलं.

चुंबकाची दाढी

घरी आल्यावर आम्ही उतारावरून आणलेली ओंजळभर खडी परातीत पसरली. लहानपणी गावी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून किनाऱ्याच्या वाळूत ओढायचो, त्याला काळ्या कणांची दाढी यायची, तोच खेळ. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून परातीत फिरवलं. बकशॉटचे अर्ध्याहून अधिक दाणे टुणकन उडी मारून चिकटले. बुंध्याजवळच्या मातीने चुंबक गच्च भरला. उताराच्या पायथ्याची माती यांच्यात सर्वांत लालभडक होती. तिला चुंबक लागला तर जेमतेम.

ही शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण माझी आणि माझ्यासारख्या पुष्कळांची समजूत अशी की जमीन जितकी लाल तितकी यंत्राला वाईट. लाल रंग येतो हेमेटाइटमुळे, पिवळसर-तपकिरी गोएथाइटमुळे. दोन्ही लोखंडाचीच खनिजं, पण त्यांचं चुंबकत्व अगदी क्षीण. यंत्राला छळतात ती दुसरी दोन : मॅग्नेटाइट आणि मॅगेमाइट. मॅगेमाइटचं रासायनिक सूत्र हेमेटाइटचंच, पण अणूंची मांडणी वेगळी, आणि त्या मांडणीमुळे ते शेकडो पट अधिक चुंबकीय. पालापाचोळा मिसळलेली गोएथाइटची माती तीन-चारशे अंश तापली की त्यातून मॅगेमाइट तयार होऊ शकतं. इथलं रान हजारो वर्षं वणव्यांत भाजून निघालेलं आहे. मामांनी बोटाने चोळून ओळखलं होतं ते हेच.

रंगावरून जमीन जोखता येत नाही, चुंबकावरून बरीच येते. तेव्हापासून माझ्या पाठपिशवीत दोऱ्याचं चुंबक असतंच.

सोन्याचं लोखंड कसं होतं

आता त्या तुटक्या आवाजाकडे येते. व्हीएलएफ यंत्र दोन गोष्टी पाहतं : प्रतिसाद किती जोराचा आणि किती उशिराने आला. चुंबकीय माती लगेच उत्तर देते, उशीर जवळजवळ शून्य. चांदीच्या जाड नाण्यात भोवरी प्रवाह बराच वेळ रेंगाळतात, म्हणून त्याचा उशीर मोठा. यंत्र या उशिरावरून वस्तू ओळखतं. सोनं विजेचं उत्तम वाहक आहे खरं, पण प्रवाह किती वेळ रेंगाळेल हे आकारावरही ठरतं. तांदळाएवढ्या किंवा तुरीएवढ्या तुकड्यात तो चटकन विझतो. म्हणजे लहान सोन्याचं उत्तर मुळातच मातीच्या उत्तराच्या शेजारी बसलेलं असतं.

आता खोली वाढवा. कॉइलपासून पुरेसं लांब गेल्यावर लहान वस्तूचा प्रतिसाद अंतराच्या जवळजवळ सहाव्या घाताने पडतो. अंतर दुप्पट झालं की आवाज चौसष्टावा हिस्सा. जाताना क्षेत्र घनाच्या हिशेबाने क्षीण होतं आणि परत येताना पुन्हा तसंच. माती मात्र कॉइलला चिकटूनच आहे, तिचा आवाज तेवढाच राहतो. यंत्राकडे पोचते ती दोघांची बेरीज. सोन्याचा वाटा चिमूटभर आणि मातीचा पायलीभर असेल तर बेरजेचा कल मातीकडेच झुकणार, आणि तो टापू यंत्राच्या पट्टीवर ‘लोखंड’ म्हणून लिहिलेला आहे. यंत्र खोटं बोलत नाही, ते बेरीज सांगतं. डिस्क्रिमिनेशन चढवून मी त्याला सांगितलं होतं की अशी बेरीज आली तर मला सांगूच नकोस.

दुसरा शनिवार

खाणपट्ट्यातल्या दुकानांत डिटेक्टर भाड्याने मिळतात. मी पल्स इंडक्शनचं यंत्र एका दिवसासाठी घेतलं.

हे यंत्र सतत बोलत नाही. ते कॉइलमध्ये प्रवाहाचा एक ठोका देतं, तो झटक्यात तोडतं, सेकंदाच्या काही लाखांश भागाएवढं थांबतं आणि मग ऐकतं. मॅग्नेटाइटचे जाडसर कण क्षेत्र तुटताच गप्प होतात, त्यामुळे यंत्र कान उघडतं तोवर त्यांचं बोलणं संपलेलं असतं. हा पल्स इंडक्शनचा मोठा फायदा. पण मॅगेमाइटचे अतिसूक्ष्म कण, मिलिमीटरच्या काही लाखांश भागाएवढे, लगेच गप्प होत नाहीत. त्यांचं चुंबकत्व मागे रेंगाळतं.

हे समजवायला मला भजनाचा दाखला सापडला. शेवटचा गजर झाला की पखवाज थांबतो, पण तीस-चाळीस टाळकऱ्यांचे टाळ एकदम थांबत नाहीत. कुणी लगेच, कुणी एक ठोका जास्त, कोपऱ्यातला एखादा आणखी थोडा. सगळे मिळून जो आवाज उरतो तो आधी झपाट्याने आणि मग लांबत लांबत विरतो. मातीचे कण असेच : प्रत्येकाची थांबण्याची वेळ वेगळी, आणि सगळ्यांची मिळून उतरण वेळेच्या व्यस्त प्रमाणात. वेळ दुप्पट झाला की आवाज निम्मा. सोन्याचा तुकडा म्हणजे देवळातली एक घंटा. ती स्वतःच्या एकाच लयीत विझते, समान काळात समान पट. दोन उतरणींचा हा फरक हाच सगळ्या यंत्रविद्येचा आधार आहे. यंत्र दोन वेगळ्या क्षणी ऐकतं आणि दोन मापं अशा प्रमाणात एकमेकांतून वजा करतं की मातीची उतरण शून्य व्हावी. घंटा उरते.

यातही एक भोक राहतं. ज्या तुकड्याची लय अशी असते की त्याच वजाबाकीत तोही शून्य होतो, तो तुकडा यंत्राला ऐकूच येत नाही. यावर उपाय म्हणून वेगवेगळ्या लांबीचे ठोके आलटून पालटून द्यायचे : एका ठोक्याच्या भोकात पडलेला तुकडा दुसऱ्यात सापडतो. ॲडलेडच्या मायनलॅब कंपनीतले भौतिकशास्त्रज्ञ ब्रूस कँडी यांनी ही कल्पना सोन्याच्या यंत्रात बसवली आणि १९९५मध्ये एसडी २००० बाजारात आलं. त्यानंतर व्हिक्टोरियाचे आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाचे ‘संपले’ म्हणून सोडलेले उतार लोक पुन्हा फिरू लागले, आणि त्यांना सोनं मिळालं. जमीन तीच. ऐकण्याची रीत बदलली होती.

या वेळी बॅलन्स गाडीपाशी न करता उतारावरच केला, बकशॉटवर, यंत्रासोबत आलेली फेराइटची (एका चुंबकीय पदार्थाची) पिवळी कडी जमिनीवर ठेवून. आधी मोनो कॉइल लावली होती. एकच वेटोळं पाठवतं आणि ऐकतं, त्यामुळे ती खोल जाते, पण या खडीवर तिची गुणगुण सारखी लहरत होती. बदलून डबल-डी लावली. दोन डी आकाराची वेटोळी एकमेकांवर थोडी चढलेली, मातीचा बराच आवाज तिथल्या तिथे जिरतो. गुणगुण सरळ झाली. शांत जमिनीवर मी मोनोच वापरेन, पण अशा जागी थोडी खोली गेली तरी चालेल, कान शाबूत राहिला पाहिजे.

आणि कॉइल फिरवायची कशी, हे मामांनी दाखवलं. मी हाताच्या झोकाबरोबर दोन्ही टोकांना ती उचलत होते. “विळा असा वर गेला तर भात उभंच राहील,” म्हणाले. बरोबर होतं. टोकाला कॉइल तीन सेंटीमीटर जरी उचलली तरी मातीचा वाटा बदलतो आणि तो बदलच यंत्राला वस्तू वाटतो.

पांढऱ्या दगडापाशी गेलो. दगड बाजूला केला, कॉइल नेली. वर चढून खाली येणारा गोल, स्वच्छ सूर, डावीकडून आणि उजवीकडून सारखाच. मामांनी वरची खडी पायाने सरकवली. लोखंडाचा खिळा वरच पडलेला असता तर आवाज तिच्याबरोबर सरकला असता. तो जागचा हलला नाही. टिकावाने दोनदा, मग हाताने. १३ सेंटीमीटरवर चिकणमातीचं एक ढेकूळ निघालं, ते प्लॅस्टिकच्या चमच्यात घेऊन कॉइलवरून नेलं, वाजलं. अर्धं टाकलं, उरलेलं वाजलं. शेवटी तळहातावर चिंचोक्याच्या अर्ध्याएवढा, एका बाजूला गारगोटीचा कण अडकलेला पिवळा तुकडा. पाण्याने धुतला तेव्हा मामा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तो माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, “खिळा नव्हता.”

तिसरा शनिवार : मोजमाप

मला हे सिद्ध करायचं होतं की पहिल्या दिवशी दोष यंत्राच्या ताकदीचा नसून जमिनीचा होता. साधा उपाय म्हणजे तुकडा पुन्हा त्याच खड्ड्यात पुरून दोन्ही यंत्रं फिरवायची. तो चुकीचा आहे. खणून भरलेली माती सैल असते आणि चुंबकीय जमिनीत अशी मोकळी जागाच ‘टार्गेट’सारखी वाजते. मी रिकामा खड्डा बुजवून त्यावरून व्हीएलएफ फिरवून पाहिलं : तुकडा खिशात असताना खड्डा वाजत होता.

म्हणून शेजारच्या न खणलेल्या जमिनीच्या कडेला गुडघाभर चर खणली आणि चरीच्या भिंतीतून पहारीने वेगवेगळ्या खोलीवर आडवी भोकं पाडली. वरची जमीन जशीच्या तशी. वायरिंगच्या प्लॅस्टिकच्या नळीच्या टोकाला तुकडा चिकटवून तो एकेका भोकात हातभर आत सरकवला. पहार, टिकाव, फावडं वीस पावलं दूर ठेवली.

आधी हवेत. व्हीएलएफला तो तुकडा २० सेंटीमीटरवरून स्वच्छ ऐकू आला, निर्णय ‘धातू’. मग जमिनीत. ५ सेंटीमीटरवर स्वच्छ. १०वर आवाज आहे, पण काटा लोखंडात. १३वर पहिल्या शनिवारचा तोच तुटका, एकतर्फी आवाज. मला ओळखीचा माणूस भेटल्यासारखं झालं. १८वर काहीच नाही. डिस्क्रिमिनेशन पहिल्या शनिवारपेक्षाही वर चढवल्यावर १०च्या खाली पूर्ण शांतता. हवेतली २० सेंटीमीटरची ताकद या जमिनीत निम्म्यावर आली होती.

पुन्हा भाड्याने घेतलेल्या पल्स इंडक्शन यंत्राला, डबल-डी कॉइलने, १३ आणि १८वर गोल सूर मिळाला, २४वर इतका क्षीण की मामांनी ‘आता’ म्हटल्यावरच मला तो पटे, ३०वर नाही. तो ‘आता’ मी तीनदा नळी रिकामी ठेवूनही म्हणायला सांगितलं होतं, मला न सांगता. तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. हे एवढं सांगणं गरजेचं आहे, कारण जिथे सोनं आहे हे माहीत असतं तिथे कान ते ऐकतोच.

चाचणीच्या शेवटी उताराच्या पायथ्याशी, त्या लालभडक पण चुंबकाला न लागणाऱ्या मातीत तशीच चर घेतली. तिथे माझ्याच व्हीएलएफने तुकडा १५ सेंटीमीटरवर धातू म्हणून सांगितला. दोन जागांमध्ये अंतर साठ पावलांचं.

पाऊस पडून गेल्यावर किंवा खारट जमिनीत अडचण वेगळ्याच जातीची असते. तिथे माती चुंबकीय नसून विजेची वाहक बनते. त्यावर या प्रकरणात मी काही मोजलेलं नाही.

हेच ज्यांच्या जिवावर बेततं

या मोजमापांवर काम करताना एक गोष्ट सारखी मनात येत राहिली. कंबोडिया, मोझांबिकसारख्या देशांत भूसुरुंग काढणारी माणसं याच जातीच्या जमिनीवर, याच तत्त्वाच्या यंत्रांनी काम करतात. प्लॅस्टिकच्या सुरुंगात धातू असतो तो टाचणीएवढा, आणि भोवती जांभा माती. सोन्याच्या यंत्रांवर जमिनीचा आवाज कमी करण्यासाठी जे काम झालं त्याचा उपयोग सुरुंगाच्या यंत्रांतही झाला आहे. त्यांच्याकडे जमीन जोखण्याची एक साधी, सुंदर पद्धत आहे : ठरावीक पातळीवर लावलेलं यंत्र वरून हळूहळू जमिनीकडे न्यायचं आणि ते किती उंचीवर नुसत्या मातीला वाजायला लागतं हे मोजायचं. जेवढी उंची जास्त, तेवढी जमीन कठीण. मी आता प्रत्येक नव्या उतारावर बॅलन्स करण्याआधी हेच करते, पट्टी धरून. आमच्या उतारावर बकशॉटच्या पट्ट्यात ११ सेंटीमीटर आले, जळक्या बुंध्यापाशी १९, पायथ्याशी ३.

हे तीन आकडे पहिल्या शनिवारी माझ्याकडे असते तर मी बकशॉटवर डिस्क्रिमिनेशनला हात लावला नसता. चुंबकीय जमिनीवर ‘लोखंड’ हा निकाल मानायचा नाही, असं माझं आता ठाम मत आहे. खणायचं. दहातले आठ-नऊ खिळेच निघतील, कंबर दुखेल, पण खिळा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि एक बॅलन्स दिवसभर पुरत नाही. दर वीस-तीस पावलांनी, मातीचा पोत बदलला की लगेच, पुन्हा. काही जण स्वयंचलित बॅलन्सवर सोडून देतात. माझा अनुभव असा की जमीन हळूहळू बदलते तिथे तो उत्तम, पण बकशॉटचा पट्टा पावलाच्या अंतरावर सुरू होतो तिथे तो मागे पडतो.

जळक्या बुंध्याचं वर्तुळ अजून शोधायचं राहिलं आहे. तिथे पल्स इंडक्शनही सरळ होत नव्हतं. लहान, आठ इंची कॉइल लावून पाहायची आहे. तिच्याखाली माती कमी येते, म्हणून तिचा आवाजही कमी. खोली जाईल, पण वेलकम स्ट्रेंजरही मुळांशीच, वरच्या वरच होता.

मामा जूनमध्ये परत गेले. जाताना चुंबक मागून नेलं. पुढच्या महिन्यात त्यांचा फोन आला, पाऊस धो धो पडत होता, त्यामुळे ते ओरडूनच बोलत होते. पाऊस सुरू व्हायच्या आधी त्यांनी भाजावळ झालेल्या राबाच्या चौकोनातून चुंबक ओढलं होतं, आणि मग त्याला लागूनच असलेल्या, कधीच न भाजलेल्या बांधावरून. दोन्हीकडची दाढी त्यांनी वेगवेगळ्या पुड्यांत बांधून, वर तारीख टाकून ठेवली होती.

“राबाची पुडी तिप्पट भरली,” ते म्हणाले. “तुझा तराजू बारीक आहे. येशील तेव्हा तोल.”